आजाराचं नाव

कागदी प्लेटांचं पाकीट उज्वलाने स्वतः कर्जतच्या बाजारातून आणलं. पंचवीस प्लेटा, कडेला निळी फुलं, वाढदिवसाला केक ठेवून देतात तसल्या. तिच्या नवऱ्याने, कपिलने, आधी पाकिटाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं आणि समजायचं ते समजला.

"सोळा वर्षांचं पोर हाय ते, उज्वला. त्याचा काय गुन्हा?"

"माझी पोरगी सतराची होती. तिचा काय होता?"

एसटीत बारा वर्षं कंडक्टरकी केलेली बाई ती. भरलेल्या गाडीत दारात लटकणाऱ्या बाप्यांना एका शब्दात खाली उतरवणारी. कपिलने डबा उचलला आणि तो रेल्वेच्या ड्युटीवर निघून गेला.

आता झालं होतं ते असं. परदेशात विद्यार्थी पाठवणाऱ्या एका संस्थेने दोन वर्षांपूर्वी तालुक्यातून एकच पोरगी निवडली, ती यांची स्नेहल. दहा महिने तिने मेलबर्नला एका घरात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि मग त्या घरचं पोर दहा महिने इकडे यायचं. गावात, कोंडाण्याला, विहारापुढे सत्कार झाला, पोरीला नवा स्वेटर मिळाला, अख्खी वस्ती गाडीपर्यंत पोचवायला गेली. शिवाय तिथलं घर मराठी. बाईचं नाव हर्षला, माहेर लोधिवलीचं, भाताची मोठी शेती असलेलं. म्हणजे आपल्याच मुलखातलं माणूस! उज्वला किती निर्धास्त झाली होती तेव्हा. आठवलं की आता तिला स्वतःचीच चीड येई.

विमानतळावर हर्षलाबाईने स्नेहलला मिठी मारली. "कर्जतची म्हणजे माझ्या माहेरचीच गं तू!" घरी टेबलावर स्टीलची ताटं मांडलेली होती. सोलकढीसुद्धा केली होती. वाढता वाढता बाईने सहज विचारलं, "कोंडाण्यात कुठे गं घर तुमचं?" आणि पोरीनेही सहज सांगितलं, "विहाराजवळ."

बस. हर्षलाबाई आत गेली, बाहेर आली, आणि स्नेहलपुढचं ताट उचलून तिने कागदी प्लेट ठेवली.

पोरीला वाटलं, इकडची पद्धत असेल, पाणी वाचवत असतील. चार महिने तिला असंच वाटत होतं. मग दिवाळीला घरात पंधरा पाहुणे आले, गोरेसुद्धा आले, सगळे स्टीलच्या ताटात जेवले आणि हिच्यापुढे पुन्हा प्लेट आली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तरी पोरीने दहा महिने काढले. मध्येच परतली असती तर लोक म्हणाले असते, झेपलं नाही. परत आल्यावरही दोन महिने गप्प होती. एके दिवशी भाकऱ्या थापताना बोलून गेली, आणि तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी उज्वलाला उलटायचं सुचलं नाही.

त्या दिवसापासून ती वाट बघत होती. घोडामैदान लांब नव्हतंच. आता त्या घरच्या पोराची इकडे यायची पाळी होती. हर्षलाबाईने घर बदलून मागितलं, हे संस्थेच्या मॅडमनेच फोनवर सांगितलं. "त्यांना दुसरं घर हवंय, पण कारण विचारलं की काही बोलत नाहीत." नातेवाइकांकडे ठेवायची परवानगी नाही, म्हणजे लोधिवलीचा रस्ताही बंद. कारण लिहायला फॉर्मवर चांगल्या चार ओळी होत्या. लिहून लिहिणार काय? उज्वलाने मात्र आपल्या फॉर्मवर त्याच दिवशी सही ठोकली.

अकराच्या सुमाराला टॅक्सी आली. पोरगा उंच, मिसरूड फुटायला लागलेलं, नाव योगेंद्र. उतरल्याबरोबर वाकून उज्वलाच्या पाया पडला. तिचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे गेला, तो तिने निम्म्यात मागे घेतला. पाया पडला म्हणून काय झालं? संस्कार दिलेत म्हणे!

"स्नेहलताई!" तो ओरडला. चेहरा फुलला होता त्याचा, खोटा नव्हता. स्नेहल हसत पुढे झाली तसा तो दोन पावलं मागे सरकला आणि लांबूनच त्याने हात हलवला. उज्वलाने ते बरोबर टिपलं.

स्वयंपाकघरात स्नेहलने प्लेटांचं पाकीट बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, नको गं. योगी तसा नाय. मला गणितं विचारायला यायचा, माझ्याशी हसून बोलायचा."

"मग लांब का पळतो?"

"लाजाळू हाय तो. तिथं पण टेबलाच्या पार त्या टोकाला बसायचा."

"लाजाळू!" उज्वला म्हणाली. "तू वाढायला घे."

वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, भात, तळलेले पापड. स्वयंपाकात तिने काही कमी केलं नव्हतं. पाहुण्याला उपाशी मारणं तिच्या रक्तात नव्हतं. ताटं मांडली. दोन स्टीलची, मायलेकींची. तिसऱ्या जागी निळ्या फुलांची प्लेट. पोरगा विचारेल, मला एकट्यालाच ही का? मग म्हणायचं, तुमच्या घरची पद्धत हाय बाबा, आमी पाळतो. हे वाक्य तिने आठवडाभर ड्युटीवर मनात घोळवलं होतं. आणि रात्री पोरगा आईला फोन करील, रडेल, आणि त्या बाईच्या काळजात चर्र होईल. एवढंच हवं होतं तिला. जशास तसं.

पोरगा हात धुऊन आला, प्लेटेकडे बघितलं आणि चक्क सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "थँक यू आंटी. मला मागायला लाज वाटत होती."

"काय मागायला?"

"वेगळी प्लेट. पण कागदाची रोज नको, वाया जाते. आईने मला दिलंय." त्याने बॅग उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेली प्लास्टिकची ताटली, चमचा आणि पेला काढून मांडला.

उज्वलाच्या हातात डाव तसाच राहिला. आठवडाभर घोकलेलं वाक्य फुकट गेलं. ती बाई चार पावलं पुढे होती.

"कशाला दिलं आईनं?"

पोरगा ओशाळला. स्नेहलकडे बघून हळूच म्हणाला, "ताईचा तो आजार... आई म्हणाली, त्यांच्या घरात सगळ्यांना असतो, खूप पिढ्यांपासून. ताईला वाईट वाटेल म्हणून तिच्यासमोर बोलायचं नाही. सॉरी ताई. आता बरी आहेस ना?"

उज्वलाने लेकीकडे बघितलं. मघापर्यंत "नको गं" म्हणणारी पोरगी पांढरीफटक पडली होती.

"म्हणून तू लांब बसायचास?" स्नेहलने विचारलं.

"म्हणजे... हो. मला पण होईल म्हणून."

"आणि मी समजत होते, तू लाजतोस." स्नेहलने त्याच्यापुढचा मोबाईल उचलून त्याच्या हातात दिला. "आईला फोन लाव. व्हिडिओ लाव. आत्ता."

तिकडे संध्याकाळ झाली होती. हर्षलाबाई स्वयंपाकघरात होती, हसऱ्या तोंडाने बोलायला लागली. "पोचलास का रे बाळा? जेवलास का?" मग तिला त्याच्या मागे उभ्या मायलेकी दिसल्या. उज्वलाने फोन घेतला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, सगळे दिसतील असा.

"नमस्कार, बाई. पोरगा सुखरूप हाय. जेवायलाच बसलोय. एक विचारायचं होतं. आमच्या घरच्या आजाराचं नाव काय?"

"कसला आजार?" हर्षलाबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. "तो काहीतरी गैरसमज करून घेतो हो. लहान आहे अजून."

"आई, तूच सांगितलंस," योगेंद्र म्हणाला. "एअरपोर्टवर पण सांगितलंस."

"योगी, आपण नंतर बोलू."

"नंतर नाय," उज्वला म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने, पण त्याच आवाजात ती गाडी थांबवायची. "दरवर्षी माझी तपासणी होते, बाई. रक्त, छाती, डोळे. डॉक्टरला काय सापडलं नाय. तुमाला माझ्या पोरीच्या घराचा पत्ता ऐकून सापडला! एवढी हुशारी! नाव तरी सांगा, औषध घेऊ."

हर्षलाबाईने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"टीबी आहे का?" पोरगा आता घाबरला होता. "मी तिच्या बाटलीला कधी हात लावला नाही. मला कळायला पाहिजे ना?"

"आजार नाहीये, योगी."

"मग काय आहे?"

"तुला नाही कळायचं. ते लोक वेगळे असतात. आपल्याकडे त्यांच्याबरोबर..." बाई थांबली.

"त्यांच्याबरोबर काय?"

"जेवत नाहीत," हर्षलाबाई म्हणाली. इतकं हळू, की स्नेहलला पुढे वाकावं लागलं.

खोटं कशाला बोला, उज्वलाला बरं वाटलं. उन्हातून चालत येऊन माठातलं पाणी प्यावं तसं वाटलं. त्या बाईने ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या लेकाला सांगितलं होतं, आणि लेक तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे ताई आजारी नव्हती," तो म्हणाला. "कधीच नव्हती. तू मला खोटं सांगितलंस."

"उज्वलाताई, मी हात जोडते. त्याला लोधिवलीला पाठवा. माझे वडील गाडी घेऊन येतील, संस्थेचं मी बघते."

"आता ताई झाले होय मी! येऊ द्या गाडी. मी काय बांधून नाय ठेवलं त्याला. पण तुमच्या वडलांनी विचारलं, पोरगा पहिल्याच दिवशी का निघाला, तर त्यांना कोणता आजार सांगायचा तेवढा ठरवून ठेवा."

फोन तिकडून बंद झाला.

योगेंद्रने फोन उचलून पालथा ठेवला. मग त्याची नजर निळ्या फुलांच्या प्लेटेवर गेली, तिथून मायलेकींच्या ताटांवर. पोरगा लहान होता, पण मूर्ख नव्हता.

"आंटी," त्याचा आवाज फाटला, "तुम्ही मला यासाठीच घरी घेतलंत?"

स्नेहलने आईचा दंड धरला. नाही म्हण, असं तिची बोटं सांगत होती. नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द बोलला की पोरगा शांत झाला असता, आणि कपिलनेही तेच सांगितलं असतं.

"हो रं," उज्वला म्हणाली. "यासाठीच घेतलं. फॉर्मवर सही केली तेव्हाच ठरवलं होतं, याला रडवायचं. ती प्लेट पण त्यासाठीच आणली. तुझ्या आईनं तुला खोटं सांगितलं, मी नाय सांगणार."

पोरगा रडला. तोंड झाकून, खांदे उडवत रडला. उज्वलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिकडे तिच्या पोरीच्या पाठीवर कोणी ठेवला होता? तिने त्याला पोटभर रडू दिलं, डोळे पुसू दिले. मग ती म्हणाली, "लोधिवलीला जायचं तर रिक्षा बोलावते. राहायचं तर इथं रोज खरं तेच ऐकायला मिळेल, गोड नाय मिळणार. काय ते तू ठरव. घाई नाय."