शेवटच्या वावराचं पाणी

लहानू पाटकरी एरवी डोळे मिटून टाळ वाजवायचा. पण त्या सकाळी काल्याच्या कीर्तनाला त्याचे डोळे सताड उघडे होते. आज महाराज पाटाचं बोलणार होते. त्यानंच आदल्या दिवशी पाय धरून तशी गळ घातली होती.

गाव सटाण्याच्या पुढं, मोसम नदीच्या काठी. पाऊस आला तर आला. पण कुणा जुन्या माणसांनी नदीत दगडी बंधारा घातला, त्यातून दोन कोस पाट खोदला आणि त्याखालची सगळी जमीन गावानं मिळून भिजवायला घेतली. तिला फड म्हणायचे. फडाचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण लहानथोर सगळ्यांना पाठ. पाणी पाटकरी सोडणार. बंधाऱ्याजवळच्या वावराला नाही, आधी पार शेवटच्या वावराला देणार. आणि पावसाळा सरला की घरटी एक माणूस फावडं घेऊन येणार, एका दिवसात पाटातला गाळ उपसणार.

लहानू एकतीस वर्षं हे करत आला. मग माळावर डाळिंबं आली, डाळिंबांपाठोपाठ बोअर आले. मागल्या वर्षी गाळ काढायला अकरा माणसं आली आणि पाणी अर्ध्या वाटेत थांबलं. यंदा, दोन हजार तीनच्या या कार्तिकात पाट मोकळा झाला नाही, तर गाळात उगवलेल्या बाभळी कायमच्या मूळ धरणार होत्या. शेवटचं वावर भागीबाईचं. दीड बिघा जमीन, विहीर नाही, घरात दुसरं माणूस नाही. पाट नसेल तर तिचा गहू नाही.

गोरक्षमहाराज नाशकाचे. गंगापूर रोडला एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गळा असा, की चाल लावली की मांडवाचे खांबसुद्धा डोलावेत. पखवाज थांबवून त्यांनी विचारलं, "मंडळी, देवानं पहिली नगरं कुठं वसवली? जिथं धो धो पाऊस, तिथं?"

"नाही!" माणसं उगीचच ओरडली.

"उत्तर माहीत नसताना ओरडता, म्हणजे वर्गात मागच्या बाकावर बसत होता!" मांडव हसला. "पण बरोबर ओरडलात. मिसर देश बघा, युफ्रेटिस आणि तैग्रिस बघा, आपली सिंधू बघा. वर आभाळ कोरडं ठणठणीत आणि खाली एक नदी. नदी गाळ आणून टाकते, जमीन सोन्यासारखी. पण पाणी वावरात आणायचं तर पाट हवा, आणि पाट एकट्याच्यानं खोदून होत नाही! पावसाच्या मुलखात भावाशी बिनसलं की माणूस डोंगर ओलांडून दुसरीकडं झोपडी बांधतो. इथं नदी सोडून जाणार कुठं? वाळवंटात? म्हणून भांडले, डोकी फोडली, आणि परत त्याच पाटावर येऊन बसले. मग पाळी ठरली. पाळी सांभाळायला माणूस नेमला. धान्य पिकलं, खाऊन उरलं. उरलं म्हणून कुंभाराला चाक फिरवायला सवड झाली, गवंड्याला देऊळ बांधायला सवड झाली. अहो, तहान वाटून घेतली, तिथं नगर उभं राहिलं! गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तो काला आणि तुमचा फड, काय फरक आहे सांगा?"

टाळांचा कडकडाट झाला. लहानूचे टाळ मात्र मांडीवरच राहिले. त्याला पुढचं दिसेना, डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"उद्या सकाळी पाटावर कोण कोण येणार? हात वर!" महाराजांनी हाक दिली.

सगळा मांडव हात वर करून बसला. बायकांच्या बाजूनंही बांगड्या वाजल्या. दहीहंडी फुटली, काला वाटला, आणि सप्ताहाचे पुढारी भिकनआबा यांनी लहानूला पुढं बोलावून शाल आणि नारळ दिला. "आपल्या गावाचे अखेरचे पाटकरी," ते म्हणाले. लहानूला वाटलं, आबांची जीभ घसरली असेल.

सकाळी तो उजाडायच्या आत बंधाऱ्यावर पोचला. सत्काराचा नारळ त्यानं सोबत घेतला होता. पाणी सोडायच्या दिवशी पाटाच्या तोंडाशी नारळ फुटायचा, आणि घरटी प्रसाद पुरायला हवा म्हणून खोबऱ्याच्या नखाएवढ्या चिरट्या व्हायच्या.

भागीबाई आली. दोघं बसून राहिली. ऊन बंधाऱ्याच्या दगडांवरून उतरून पाटात आलं.

"कोनी नही शे का, भाऊ?"

"येतील, वहिनी. काल हात पाहिले ना."

मोटारसायकल वाजली. नाथाचा कुंदन, शंभर डाळिंबांना औषध मारायला निघालेला. लहानूला बघून थांबला. पोरगा मनानं चांगला.

"काल तू हात वर केला होता रे."

कुंदन ओशाळला. "कीर्तनात बसल्यावर हात वर जातोच, बाबा. आन् महाराजनी बात शंभर टक्के खरी शे. पन आते आमनी नदी आमनाच वावरमा शे. अडीचशे फूट खाल." त्यानं भागीबाईकडं पाहिलं. "आजीले एखादं पाणी मी देसू ना. नळी टाकसू."

"आन् दुसरं पाणी?" भागीबाईनं विचारलं.

कुंदननं गाडीला किक मारली.

लहानूला त्याचा राग आला नाही, आणि राग न आल्याचीच त्याला भीती वाटली. महाराजांनी सांगितलं होतं तेच पोरगं उलटं सांगून गेलं. ज्या गरजेनं माणसं पाटावर येऊन बसत होती, ती गरज अडीचशे फुटांवर जाऊन बसली होती. तिथं ना टाळ पोचत होते ना फावडं.

तरी दोघं फावडी घेऊन पाटात उतरली. दुपारपर्यंत चाळीस पावलं पाट मोकळा झाला. लहानूनं पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली. पाणी आलं, जुन्या ओळखीच्या वाटेनं चाळीस पावलं धावलं, गाळाला अडलं आणि घुटमळून जिरायला लागलं. भागीबाई पाण्याकडं पाहत नव्हती. दोन कोसांवरच्या आपल्या वावराकडं तोंड करून उभी होती. लहानूनं फळी खाली टाकली. वाया जाणारं पाणी त्याला कधीच बघवलं नव्हतं.

मग "विठ्ठल" म्हणून त्यानं नारळ दगडावर फोडला. कमरेचा चाकू काढला, चिरट्या करायला, आणि थांबला. एक वाटी त्यानं भागीबाईच्या ओंजळीत ठेवली, दुसरी स्वतः घेतली.

पाटाचा एवढा मोठा प्रसाद आजवर कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. दोघांपैकी एकानंही तो तोंडाला लावला नाही.