बिशप नावाचा रेडा

“तुम्हाला हे पटायचं नाही,” असं म्हणत विलास सावंतांनी चहाचा कागदी पेला टेबलावर पालथा घातला, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या ॲन्सेल्म लोपीसच्या हातातला वेफर तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

वाक्य ॲन्सेल्मचं होतं. पेला पालथा घालणंही त्याचंच. गोष्टीला हात घालण्याआधी तो समोर जे भांडं असेल ते उपडं करी. कप, ग्लास, एकदा तर भाच्याच्या लग्नात अर्धी भरलेली बाटली, जिच्याबद्दल बायकोने, मटिल्डाने, त्याला अजून माफ केलेलं नाही. भांडं उपडं झालं की ऐकणाऱ्याने समजावं, आता गोष्ट संपेपर्यंत कुणाला काही मिळायचं नाही.

इमारतीचा आठवा वाढदिवस होता. खालच्या पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर काढून खुर्च्या मांडल्या होत्या, खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. सातव्या मजल्यावरच्या अश्लेषाने कार्यक्रमाला नाव दिलं होतं ‘आपलं गाव, आपल्या आठवणी’. इमारतीत लातूरची माणसं होती, जळगावची होती, जौनपूरची होती, एक कुटुंब तर पार कटकचं. आठवणी सगळ्यांकडे होत्या, पण त्या दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या. तेव्हा सगळ्यांत आधी राहायला आलेल्या विलास सावंतांना बोलायला लावायचं ठरलं. आठ वर्षांत माणूस जुना रहिवासी होतो. त्याला आणखी थोडं पाणी घातलं की मूळचाही होतो.

विलास जन्माने कणकवलीकडचा. मग तुळिंजच्या दोन खोल्यांत उमेदीची वर्षं, मग निवृत्ती, मग हा फ्लॅट. ॲन्सेल्मचं घर इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून. उरलेल्या वाडीत थोड्या केळी, पानवेल आणि पुढे ओटा. विलास पहिल्यांदा त्या ओट्यावर आला तो टँकर चुकला म्हणून विहिरीचं पाणी मागायला. ॲन्सेल्मने बादली भरून दिली, सोबत रेड्याची गोष्टही दिली. विलास डोळे पुसत, हसत घरी गेला आणि भरलेली बादली ओट्यावरच विसरला. त्याच्या बायकोने, मनोरमावहिनींनी, त्याला बादली आणायला तसाच उलट पाठवला होता. त्यानंतर संध्याकाळ चुकली नाही.

गेल्या मंगळवारी विलासच सांगायला आला होता.

“रविवारी ये रे. गावाच्या गोष्टी आहेत. तू नसलास तर काय मजा?”

यातून कुठलाही माणूस जे समजेल ते ॲन्सेल्म समजला. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला घातलेला शर्ट त्याने दुपारीही उतरवला नाही. पानवेलीला पाणी घालताना त्याने गोष्ट दोनदा घोळून पाहिली. शेवट जरा वाढवला, नवीन लोकांसाठी. मटिल्डा खिडकीतून म्हणाली, “वेलीला हसू येत नाही, आवर.”

“माझ्या आजोबांचा एक रेडा होता,” विलास म्हणाला.

जीभ घसरली असेल, ॲन्सेल्मला वाटलं. माणसाची घसरते. ‘ह्याच्या आजोबांचा’ म्हणायचं असेल. शाळेच्या नाटकात पोर वाक्य विसरलं की आई खालून मान हलवते, तशी त्याने मान हलवली. विलासने तिकडे पाहिलं नाही.

“रहाटाला जुंपलेला. दिवसभर गोल गोल. नाव पंत.”

नाव बिशप होतं. ॲन्सेल्मच्या आजाने, पास्कूने, ते ठेवलं होतं, कारण रेडा चालायचा असा की पुढेमागे मिरवणूक आहे. फादरांनी त्यावरून पास्कूला बोलावून घेतलं. मग स्वतः वाडीत येऊन रेड्याची चाल पाहिली आणि काही न बोलता परत गेले. गोष्टीतला हा भाग ॲन्सेल्म चवीने सांगायचा. विलासच्या गोष्टीत फादर नव्हतेच.

“तर हा पंत,” विलास म्हणाला, “दुपारी देवळाची घंटा झाली की जागच्या जागी उभा. मग मारा, ओढा, पाय उचलायचा नाही. घंटा म्हणजे सुट्टी. एके दिवशी काय झालं, घंटा झालीच नाही. पुजारी आदल्या रात्री भजनाला बसलेला, तो झोपलेला.”

भजनाला नाही, चर्चची घंटा वाजवणारा फ्रान्सू लग्नाला गेला होता. आणि झोपलेला नव्हता, पडलेला होता.

“ऊन डोक्यावर आलं. पंत चालतोय. डोक्यावरून गेलं. पंत चालतोय, पण कान वर. शेवटी त्याचा संयम संपला. जू मोडलं, आणि रहाटाचे लोटे मागे खडखड खडखड ओढत बाबा निघाला, तो थेट देवळात. दोरी धरली दातांत, आणि—”

विलास थांबला. ॲन्सेल्म इथं कधी थांबत नसे, घाई करी. विलास थांबला, चष्म्यावरून पहिल्या रांगेकडे पाहिलं, एका बाईने ओठांवर हात ठेवला, तेव्हा कुठं त्याने घंटा वाजवली. पार्किंग हसण्याने भरून गेलं. ते थांबणं ॲन्सेल्मला सगळ्यांत जास्त लागलं. इतकं बरं त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

“माउलींच्या रेड्याने वेद म्हटले,” विलास म्हणाला, “आमच्याने नुसती घंटा वाजवली. आपली ऐपत तेवढीच.”

टाळ्या पडल्या. तेही वाक्य ओट्यावरचं होतं. ॲन्सेल्मने ते खास विलाससाठी जोडलं होतं, पाहुण्याच्या जिभेला रुचावं म्हणून.

“काका, एक विचारू?” मागून सुमेध उभा राहिला. लातूरचा, सहा महिन्यांपूर्वी भाड्याने आलेला, हसतमुख पोरगा. “देवळातली घंटा वर टांगलेली असते. आपण हात वर करून वाजवतो. पंतला दोरी कुठून मिळाली?”

पुन्हा हसू. विलासही हसला, पण जरा उशिरा. आजोबा बदलले होते, रेड्याचं नाव बदललं होतं, चर्चचं देऊळ झालं होतं, फ्रान्सूला जानवं घातलं होतं. दोरी तेवढी तशीच राहून गेली होती. चोराने घर धुऊन न्यावं आणि स्वतःची चप्पल दारात विसरावी, तसं झालं.

“होती दोरी,” विलास म्हणाला. “मोठी घंटा होती ती. खोटं वाटत असेल तर विचारा ॲन्सेल्मला. तोही इकडचाच.”

सगळ्या माना वळल्या. ॲन्सेल्म ‘तोही’मधल्या त्या ‘ही’ला अडकून बसला होता. 

एक दोरी द्यायला त्याला काय लागणार होतं? असल्या शंभर दोऱ्या त्याच्या खिशात होत्या. देवळाच्या जत्रेची दोरी, पालखीची दोरी, पुजाऱ्याच्या विहिरीची. शिवाय थापाड्यांचाही एक धर्म असतो, दुसऱ्याची थाप कोणी भर सभेत फोडत नाही. तो उठला तेव्हा विलासच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

“दोरी चर्चच्या घंटेला असते,” ॲन्सेल्म म्हणाला. “रेडा माझ्या आजाचा. पास्कूचा. नाव बिशप. रहाट इथं होता, तुम्ही बसलाय तिथं. वाडी आमची होती, मग चुलत्यांच्या वाटण्या झाल्या.” खरं बोलायची सवय नसल्याने वाक्यं आखूड येत होती. “घंटा वाजवायला तो कधी गेला नाही. ते मी रचलं. गोष्ट खोटी आहे. रेडा खरा.”

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही ते ठरवायला लोकांनी विलासकडे पाहिलं. 

“विलास, सांग की,” ॲन्सेल्म म्हणाला.

विलासने चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडात धरून पाहिला. काच स्वच्छ होती. ती त्याने पुन्हा पुसली.

“अरे, हा असाच आहे,” तो लोकांना म्हणाला, आणि आवाजात प्रेम होतं, अगदी ओट्यावर असायचं तेवढंच. “एक नंबरचा थापाड्या. म्हणून तर बोलावला.”

आता हसू आलं. मनोरमावहिनी ट्रे घेऊन पुढे झाल्या. दर शुक्रवारी त्यांच्या पूजेला विड्याची पानं ॲन्सेल्मच्या वेलीवरून जात. देठाकडून कशी खुडायची ते मटिल्डाने त्यांना शिकवलं होतं.

“भावजी, चहा घ्या ना, गार होतोय,” त्या म्हणाल्या. बोलल्या त्या पेल्याशी.

“पण काका,” अश्लेषाने माइक जरा खाली धरला. तिला खरोखरच कुणाला दुखवायचं नव्हतं. “तुम्ही लोक पोर्तुगीजांबरोबर गोव्याहून आलात ना? म्हणजे असं ऐकलंय.”

ॲन्सेल्मने तोंड उघडलं, आणि शाळेत शिकलेली, विलाससाठी आठ वर्षं घासूनपुसून वापरलेली मराठी आलीच नाही. आली ती घरची कादोडी, या गावच्या जुन्या वाड्यांतली बोली. आजा जिच्यात रेड्याला शिव्या घालायचा, आणि ज्या शिव्या ऐकून रेडा चालायचा, तीच. तो त्या बोलीत बराच वेळ बोलला. आजाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, विहीर कोणी खणली ते सांगितलं, भात कुठवर होतं आणि केळी कुठवर, ते हाताने दाखवलं. हात रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवरून फिरला.

“अय्या, कोकणी,” अश्लेषा शेजारणीला म्हणाली. “गोव्याच्या ट्रिपला ऐकली होती. किती गोड वाटते, नाही?”

इमारतीत एकाच माणसाला ते सगळं कळलं होतं. पहिल्या वर्षी ॲन्सेल्मने त्याला हौसेने शब्द शिकवले होते, बाजारात गावच्या बायका भाव बरा लावतील म्हणून. तो माणूस टेबलावरचे वेफर एका बशीतून दुसऱ्या बशीत ओतत होता.

“विलास,” ॲन्सेल्म पुन्हा म्हणाला.

“बस रे आता,” विलास हळूच म्हणाला. मान वर न करता. “लोक बघतायत.”

सुमेध पुढे आला. त्याने ॲन्सेल्मच्या खांद्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून खाली बसवतात तसा, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मोठ्याने हसत म्हणाला,

“काका, गोष्ट विलासकाकांची आणि रेडा तुमचा? थाप मारायची तर निदान स्वतःची मारावी.”