हरकत आहे

आमच्या नगरपालिकेत ठराव मंजूर करायची एक पद्धत आहे. अध्यक्ष म्हणतात, "हरकत? नाही. मंजूर." तिन्ही शब्द एका दमात, मध्ये शिंकायलाही फट नाही. नियम मात्र असा, की एखादा नागरिक हरकत घेऊन उभा राहिला, तर तो खाली बसेपर्यंत ठराव मंजूर होत नाही. हा नियम कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. आणि मी तर जन्मभर वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस.

माझी सून नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर रोजंदारीवर आहे. पंपावरच्यांनी पगारवाढ मागितली, तेव्हा तिजोरीत खडखडाट आहे असं उत्तर मिळालं. आज सदस्यांचं मानधन दुप्पट करायचा ठराव होता. तो झाला, की हिची वाढ गेलीच. तिनं तोंड उघडलं तर कामही जाणार.

"बाबा, तुम्ही बोलाल?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

"हरकत? नाही. मंज..."

मी उभा होतो. कसा, ते विचारू नका.

"काय आजोबा, बाहेर जायचंय? दार तिकडे."

हशा पिकला.

"हरकत आहे."

"कारण सांगा."

घोकून आणलेलं भाषण पार उडून गेलं. "आठवेपर्यंत उभा राहतो," मी म्हणालो.

पुन्हा हशा. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, चांगली माणसं यायला हवीत, तर पैसे चांगले द्यायला नकोत?"

"मग पंपावर कशीही चालतात?"

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. तेव्हा तेच मी पुन्हा बोललो, घरातसुद्धा कधी काढला नाही एवढ्या आवाजात. या वेळी कुणी हसलं नाही.

"बसा आता. गुडघे दुखतील."

"दुखतातच आहेत."

"हटवादी म्हातारा," एक सदस्य पुटपुटला.

इतका वेळ दारात थांबलेली सून आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"तू पंपावरची ना?" अध्यक्षांनी चष्मा वर केला. "कामावरून काढलं तर?"

"काढा. पण आधी माझीही हरकत लिहून घ्या."

"अगं, तू तरी बस," मी हळूच म्हणालो.

"तुम्ही बसा ना आधी."

दोघंही बसलो नाही.