मृदंगाचं तिकीट

या, जरा असे पुढं सरकून बसा. मागं पंख्याचा आवाज फार होतो आणि माझा आवाज आता पहिल्यासारखा पोचत नाही. कीर्तनाला अजून तासभर अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. विमानाची आहे आणि आमच्या गावच्या कीर्तनाचीही आहे. दोन्हींचा मेळ कसा बसतो ते ऐकाल तर तुम्हीही माझ्यासारखे हात जोडाल.

राजूरपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या गावाला कीर्तनाची गोडी लावली ती रामकिसन बुवांनी. बुवा मृदंग वाजवायचे. त्यांनी तयार केलेले शिष्य दोन. सर्जेराव कीर्तनाला उभे राहायचे आणि कल्याण त्यांच्या मागं मृदंगावर. आम्ही टाळकरी दोन्ही बाजूंना. बुवा गेले त्याला यंदा बारा वर्षं झाली. जाण्याआधी आठ दिवस त्यांनी आपला मृदंग कल्याणच्या गळ्यात घातला आणि सर्जेरावांना म्हणाले, याला सोडून उभा राहू नको.

पण पहिल्याच पुण्यतिथीला बिनसलं. चाल चढली होती, कल्याणचे हात असे चालले होते की आमच्या टाळांना दम लागला. तेवढ्यात कुणीतरी सर्जेराव महाराजांच्या कानाला लागलं, पुढारी आलेत, त्यांना दोन शब्द बोलायचेत. महाराजांनी हात वर केला आणि मृदंग थांबवला. भर मंडपात. वाजवणाऱ्याला असं हातानं थांबवणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं. कल्याणनं मृदंग गळ्यातून काढला, नारदाच्या गादीला नमस्कार केला आणि चालता झाला. पुढं तो हैदराबादला गेला. तिथल्या एका देवळात पोरांना मृदंग शिकवू लागला. सर्जेराव महाराजांचं नाव मोठं झालं, पण आमच्या गावात ते पुन्हा उभे राहिले नाहीत. दोघं एकमेकांचं नाव काढत नसत.

यंदाच्या पुण्यतिथीआधी बुवांच्या पत्नी दुर्गाबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, त्यांनी पंचांना बोलावून सांगितलं, "बाराव्या वर्साच्या कीर्तनाला माझी दोन्ही लेकरं पाह्यजेत. एक आला अन् एक न्हाई आला, तर मंडपच घालू नका." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांना पोटचं मूल नाही, हे गावाला ठाऊक होतं.

आता हे जमवायचं कसं? एकाला दुसऱ्याचं नाव सांगितलं की तो येणार नाही. मग आईंच्या पुतण्यानं, अंगदनं, डोकं चालवलं. अंगदचं राजूरला मोबाइलचं दुकान आहे, तिकिटंही काढून देतो. योगायोग असा की पुण्यतिथीच्या आठवड्यात सर्जेराव महाराजांची कीर्तनं हैदराबादलाच होती, तिकडं कामाला गेलेल्या आपल्या लोकांत. म्हणजे दोघांनाही हैदराबादहूनच आणायचं. अंगदनं महाराजांना सांगितलं, मृदंगाला जाफराबादचा एक पोरगा आहे. कल्याणला सांगितलं, जाफराबादकडचेच कुणी महाराज आहेत. हैदराबादहून संभाजीनगरला तेव्हा दोन स्वस्तातल्या कंपन्यांची विमानं यायची. सकाळी पंछी, दुपारी तरंग. महाराजांचं तिकीट पंछीचं, कल्याणचं तरंगचं. उतरल्यावर दोन जीपगाड्या वेगळ्या, मुक्कामाची घरं वेगळी. दोघांची गाठ पडायची ती थेट मंडपात. एकदा गादीवर उभं राहिलं आणि मृदंग गळ्यात पडला, की आपल्याकडं कुणी पाय मागं घेत नाही. अंगदचा सगळा भरवसा त्यावर होता.

मृदंगाचा मात्र प्रश्न होता. बुवांचा मृदंग, जुन्या खैराच्या लाकडाचा. कल्याण तो सामानात टाकू देणार नाही, हे अंगद जाणून होता. म्हणून त्यानं मृदंगासाठी वेगळी सीट घेतली. आणि इथं तो एक गोष्ट करून बसला, जी दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं केली नसती. तिकिटावर नाव काय लिहायचं, असा रकाना आला. आमच्या गावात त्या मृदंगाला कुणी मृदंग म्हणतच नाही. बुवांना ऊन लागून राह्यलं, बुवांना आत घ्या, असंच बोलतात. अंगदनं सरळ लिहून टाकलं, रामकिसन. वय लिहिलं ब्याऐंशी, बुवा असते तर होतं तेवढं. मग हैदराबादच्या विमानतळावरच्या तरंगच्या खिडकीला फोन करून समजावलं. तिथल्या मुलीनं ऐकून घेतलं आणि तशी नोंद करून ठेवली, हा प्रवासी म्हणजे वाद्य आहे, येऊ द्यावं.

महिना गेला. आणि पंछी नि तरंग या दोन कंपन्या एक झाल्या. पेपरात छोटी बातमी होती. तरंगचं नाव जाणार, सगळी विमानं पंछीची. आमच्या गावात ती बातमी कुणी वाचायचं कारण नव्हतं. अंगदच्या मोबाइलवर इंग्रजीत दोन मेसेज आले, दोन्हींत वेळ साडेतीनची. त्याला वाटलं, वेळ तेवढी बदलली असेल, विमानं दोनच आहेत. त्यानं महाराजांना, कल्याणला आणि दोन जीपवाल्यांना नवी वेळ कळवली आणि निवांत झाला.

पण झालं होतं असं, की सकाळचं विमान रद्द करून दोन्हींचे प्रवासी साडेतीनच्या एकाच विमानात घातले होते. आणि तिन्ही तिकिटांवर अंगदचा एकच मोबाइल नंबर. कंपनीच्या कॉम्प्युटरला वाटलं, हे एकाच घरचे लोक आहेत. त्यानं मोठ्या मनानं तिघांना शेजारी शेजारी बसवलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दोघांच्या तोंडून ऐकलेलं आहे. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण बराबर जुळलं.

हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी खिडकीपुढं लांब रांग होती. दोन कंपन्यांची माणसं, एकच खिडकी. खिडकीवर मुलगी होती अर्पिता, आपल्या घनसावंगीची. गळ्यात तरंगचा जुना रुमाल, छातीवर पंछीचा नवा बिल्ला. महाराजांचा नंबर आला, त्यांनी आधार कार्ड दिलं. बोलणं ऐकून तिनं ओळखलं की माणूस आपल्याकडचा आहे. मराठीतच म्हणाली, "बाबा, तुमच्या संगचे दोघं कुठायत?"

महाराज म्हणाले, "मी एकलाच हाय माय."

"न्हाई ना. तिघांचं संग दिसून राह्यलंय. सर्जेराव, रामकिसन, कल्याण. चौदा नंबरची लाइन, लागून लागून."

महाराज सांगतात, आपण कुठं उभे आहोत तेच त्यांना कळेना. रांगेत चार माणसं मागं कल्याण उभा होता, खांद्याला मृदंग. ती तीन नावं त्यानंही ऐकली. बुवांचं नाव मधोमध. त्यानं पुढं पाहिलं, महाराजांनी मागं पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

कल्याण पुढं आला, पण महाराजांशी बोलला नाही. त्यानं मुलीला विचारलं की हे तिकीट काढलं कुणी. तिनं नंबर वाचून दाखवला. अंगदचा. दोघांना डाव कळला. कल्याण चिडला, पण मुलीवर चिडून काय करणार. तो एवढंच म्हणाला, हे रामकिसन, आणि मृदंग पुढं केला.

अर्पिताला आठवलं. महिन्यापूर्वी अंगदचा फोन घेणारी तीच होती. तिनं नोंद शोधली. पण दोन कंपन्यांचं सगळं एका जागी ओतताना ती नोंद गळाली होती. आता कॉम्प्युटरला एवढंच माहीत, की रामकिसन नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत आणि त्यांनी ओळखपत्र दाखवावं. ती मागच्या साहेबांकडं गेली. साहेब पंछीकडचे, नव्यानं आलेले. त्यांनी सांगितलं, कार्ड नाही तर सीट नाही, विमान फुल आहे, वाद्य सामानात टाका. आणि रांग अडवली म्हणून तिलाच चार शब्द ऐकवले. महिनाअखेरीला दोन्हींकडची माणसं कमी करणार होते, हे ती जाणून होती. तरी ती परत येऊन दोघांपुढं शांतपणे उभी राहिली आणि जे होतं ते सांगितलं.

कल्याण म्हणाला, "बुवांना सामानात टाकू?" आणि मृदंग उचलून रांगेबाहेर निघाला.

आता महाराजांपुढं सोपी वाट होती. त्यांची सीट होती, कार्ड होतं. विमानात बसले असते, गावात येऊन उभे राहिले असते, मृदंगाला कुणीही मिळाला असता. आईंचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलेलंही नव्हतं. पण ते मुलीला म्हणाले, "बुवा न्हाईत तर माझंबी राहू दे." असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

मुलीनं त्यांना थांबवलं. बुवांच्या नावापुढं आता "प्रवासी आला नाही" असं लिहावं लागणार होतं. ती म्हणाली, "ते तर समोर हायेत. मी तसं न्हाई लिहीत." मग तिनं तिघांची तिकिटं संगंच रद्द केली, कागद महाराजांच्या हातात दिला आणि सांगितलं, संध्याकाळी काचीगुड्याहून जालन्याची रेल्वे आहे, जल्दी निघा.

बाहेर बाकावर कल्याण बसला होता. महाराज शेजारी बसले, मृदंग मधे. 

मग महाराज म्हणाले, "त्या दिवशी मी हात वर केला. चुकलंच माझं."

"अकरा वर्सं लागली सांगायला."

"तू फोन कुठं उचलत होता?"

"तुमी लावला कव्हा?"

महाराज हसले. फोन त्यांनी खरंच लावला नव्हता. कल्याणनं मृदंगाची एक चामडी वादी उगाच घट्ट केली आणि म्हणाला, चला, गाडी चुकंल.

इकडं गावात आम्ही हवालदिल. संभाजीनगरला दोन जीपगाड्या उभ्या, विमान आलं, माणसं बाहेर पडली, त्यात दोघंही नाहीत. अंगद फोन लावून थकला. कल्याण रागानं उचलत नव्हता, महाराजांचा फोन त्यांच्या शिष्याकडं राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच म्हणाले, आता नुसतं भजन करू. आई मंडपाच्या कडेला परात घेऊन बसल्या होत्या. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. बुवांच्या वेळेपासून ती कणीक आईच मळायच्या. त्या सकाळीही त्यांनी मळली होती आणि वाळू नये म्हणून दर थोड्या वेळानं पाण्याचा हात फिरवत होत्या. अंगद खाली बघत म्हणाला, "काकू, चूक झाली माझी. दोघंबी न्हाई येऊन राह्यले." आई म्हणाल्या, धाचं कीर्तन हाय, धा वाजू दे.

पावणेदहाला राजूरहून येणारी भाड्याची जीप मंडपापाशी थांबली. आधी महाराज उतरले, मग त्यांनी हात पुढं करून मृदंग घेतला, मग कल्याण उतरला. दोघांचे डोळे जागरणानं लाल.  दोघं आईंच्या पाया पडले, तेव्हा दोघांच्या पाठीवर पिठाचे हात उमटले. मग त्यांनी कणकेचा गोळा कल्याणच्या हातात दिला.

त्या दिवशीचं कीर्तन मी काय सांगू. एका ठिकाणी चाल चढली, तीच जुनी. महाराज दोन पावलं मागं सरले, हात जोडून खाली मान घातली आणि उभे राहिले. मृदंगाला हवं तेवढं बोलू दिलं. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. आई मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या आणि ओठ हलत होते.

कीर्तन संपल्यावर आईंनी सगळी हकिकत ऐकली. अंगदला रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, ती घनसावंगीची पोर कुणाची? कुणालाच माहीत नव्हतं. नंतर अंगदनं त्या खिडकीला फोन लावून पाहिला, तो नंबर बंद झालेला होता. तिला नव्या कंपनीनं ठेवलं की काढलं, आजवर आम्हाला कळलं नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. आता टाळ वाजतील, आरती होईल, प्रत्येक जण आपल्या घरच्यांसाठी काही मागेल. तुम्हीही मागा. पण मागून झालं की एक क्षण थांबून अर्पिताचं नाव मनात घ्या. आमच्या बुवांना तिनं गैरहजर लिहिलं नाही. ती जिथं असेल तिथं तिलाही कुणी तसं लिहू नये.