यंत्र अडलं तर

"म्हंजी तुमचा हात आतमंदी लागणारच न्हाई, व्हय?"

आनंदरावांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. दौंडच्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर महेंद्र महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा, छातीचे पेशंट तपासायचा. उजेडावर लावलेल्या फोटोत आनंदरावांच्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ दिसत होती. कॅन्सर. छातीला चार भोकं पाडायची, यंत्राचे हात आत सोडायचे, आपण बाजूला खुर्चीत बसून ते चालवायचे, असं महेंद्रने नुकतंच समजावलं होतं. दोन हजार नऊ साल. असलं यंत्र लोकांनी ऐकलेलंही नव्हतं. बाकीचे विचारायचे, यंत्र बिघडलं तर काय? आनंदरावांनी हाताचं विचारलं.

महेंद्रला कळलं. न कळायला तो परका नव्हता. वडगाव रासाईच्या बौद्धवाड्यातल्या म्हाळूचा तो पोरगा, आणि म्हाळूची सारी हयात आनंदरावांच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं कोंबण्यात गेली. जाळ म्हाळूचा, धूरही म्हाळूचा. वर रस उकळणाऱ्या काहिलीला मात्र त्याचा हात लागलेला चालत नसे. गूळ बाटतो म्हणे. त्याच गुळाच्या ढेपा पुण्याच्या बाजारात जायच्या, तेव्हा घेणाऱ्याला कुणी सांगत नव्हतं जाळ कुणी घातला ते.

"यंत्र अडलं तर छाती उघडावी लागंल, आबा. तवा माझा हात घालावा लागंल. चालंल?"

"चालंल की! न चालायला काय झालं?" मुलगा मच्छिंद्र घाईने म्हणाला.

"मी आबांना विचारतोय."

आनंदरावांनी सदऱ्याची गुंडी लावली. "यंत्र अडू देऊ नका म्हंजी झालं."

ते बाहेर पडले तशी पुण्याहून महेंद्रबरोबर आलेली सिस्टर करुणा फणकारली, "सर, ह्यांना दुसरीकडं धाडा. मरू द्या तिकडं."

"दुसरीकडं नंबर लागंपर्यंत गाठ थांबती व्हय?"

म्हाळू खोकून खोकून मेला. वर्षभर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, निघाला कॅन्सर. त्या खोकल्यापायी महेंद्र छातीचा सर्जन झाला. कॉलेजात त्याला 'कोट्यातला' हेच नाव होतं. पुढे मोठ्या हॉस्पिटलात सीनियर त्याला शेवटचे टाके घालायला ठेवायचे, आत हात घालू द्यायचे नाहीत. मग तो परदेशी जाऊन यंत्र शिकून आला. लोकांना वाटलं, गड्याला नव्याची हौस. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. यंत्रामागचा हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. ज्याला हा पळपुटेपणा वाटतो, त्याने आधी चुलवाणासमोर बसून बघावं.

पुण्यात ऑपरेशन सुरुवातीला सुरळीत चाललं. मग मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली दुसरीच एक जुनी, खड्यासारखी कडक गाठ आडवी आली. यंत्रातून दिसतं झकास, पण चाचपता येत नाही. किती ओढ सोसेल ते बोटाला कळतं. महेंद्रने अंमळ जास्त ओढलं आणि पडदा लालभडक झाला. त्याने यंत्राच्याच हाताने बोळा दाबून ठेवला, ओरडला, "छाती उघडा!" आणि हात धुवायला धावला.

उघड्या छातीत हात घालून त्याने ती रक्तवाहिनी चिमटीत धरली. शिवली. मग कॅन्सरच्या गाठीसकट फुप्फुसाचा तुकडा काढला. फुप्फुस काळं होतं. मालकाचंही. धूर तेवढा शिवाशीव पाळत नाही.

शुद्धीवर आल्यावर आनंदरावांनी काखेखालून पाठीपर्यंत गेलेली पट्टी चाचपली. "अडलं व्हय?"

"अडलं. माझ्याकडनं जास्त ओढलं गेलं. हात घातला."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी महेंद्र राउंडला गेला, तर खाटेभोवती गावाकडचे पाहुणे.

"चार भोकं. बास!" आनंदराव त्यांना सांगत होते. "माणसाचा हात म्हणून लागला न्हाई."

मच्छिंद्रने महेंद्रकडे बघून नुसत्या नजरेने हात जोडले. महेंद्रने स्टेथोस्कोप छातीला लावला. आत घरघर होती.

"कफ साठलाय. खोका, आबा."

आनंदरावांनी प्रयत्न केला आणि कळवळून थांबले. एवढी मोठी जखम कुणी दाबून धरल्याशिवाय खोकवत नाही. पाहुण्यांना बाहेर घालवता आलं असतं. महेंद्रने घालवलं नाही. त्याने चादर बाजूला केली. हातभर पट्टी सगळ्यांनी बघितली. तिच्यावर त्याने दोन्ही तळवे ठेवले. त्याची आई, ताईबाई, म्हाळूच्या बरगड्यांवर ठेवायची तसेच.

आनंदरावांनी खोकला गिळला. ओठ निळे पडायला लागले.

"कफ आत राहिला तर मराल, आबा. मी हात काढणार न्हाई."

एक पाहुणा खिडकीशी जाऊन खालच्या गाड्या बघू लागला.

आनंदराव खोकले. तळव्यांखाली बरगड्या हादरल्या. करुणाने धरलेल्या भांड्यात काळपट बेडका पडला.

"परत," महेंद्र म्हणाला.