पुंजारामचा स्वच्छ रिपोर्ट

"खरा गडी आयुष्यात एकदाच आडवा होतो, अन् त्याला उचलायला चौघं लागतात!" शेंद्र्याच्या कारखान्यात, चहाच्या रांगेत उभा राहून पुंजारामने जाहीर केलं. चहा हातात येण्याआधीच तो आडवा झाला. उचलायला दोघंच पुरले.

कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. पुंजाराम मिनिटभरात उठला, पण पंधरा दिवसांनी परत पडला. छताखालची क्रेन तो अठरा वर्षं चालवत होता. साहेब म्हणाले, "डॉक्टरचा कागद आणा, मगच वर चढा." तोवर खाली झाडू.

शहरातल्या डॉक्टरांनी झोपवून, उभं करून रक्तदाब पाहिला, ईसीजीची पट्टी काढली. सगळं ठीक. मग छातीला वायरी चिकटवून कमरेला डबी बांधली. "चोवीस तास काळजाचे ठोके टिपेल. रोजच्यासारखं वागा."

बायकोला, मनकर्णाबाईला, ही परीक्षा वाटली. तिनं नवऱ्याला बाजेवर निजवलं, चहा-तंबाखू बंद केली आणि भांडकुदळ दिराला दारातूनच वाटेला लावलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. ती पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"दिवसभर काय केलं यांनी?"

"कायबी नाय. कुशीवरसुद्धा वळू दिलं नाय मी!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "बाई, चोर धरायला शिपाई बसवला, अन् तुम्ही चोरालाच कोंडून ठेवलं. कारण सापडल्याशिवाय मी वर चढा म्हणून लिहू कसा?"

डबी पुन्हा बांधली. आता पुंजाराम उन्हात उभा राहिला, उपाशी राहिला, टेकडी चढला. जन्मात पहिल्यांदा त्यानं खंडोबाला साकडं घातलं, "देवा, आज मला पाड." देव म्हणे नवसाला पावतो. पुंजाराम ताठ उभा होता. तिसऱ्यांदा बांधली, तेव्हाही ताठच. तिकडं कारखान्यात क्रेनवर नवा माणूस चढला होता, कायमचा.

तिसरी डबी परत करायला तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. नर्सबाईंनी वायरी सोडल्या, डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुंजाराम दारापर्यंत पोचला आणि दार उघडण्याआधीच कोसळला.

डोळे उघडले तेव्हा मनकर्णाबाई पदरानं वारा घालत होती.

"डबी..." त्यानं विचारलं, "टिपलं का तिनं?"

मनकर्णाबाईनं कपाटाच्या कुलपाकडं बोट दाखवलं. पुंजारामने डोळे परत मिटून घेतले. आता उठून जायचं तरी कुठं, झाडूकडंच की.

दाराच्या फटीतून एका म्हातारीनं डोकं घातलं.

"दादा, जरा पाय आखडता घ्या. दार उघडंना, अन् माझा नंबर जाईल."