धरलंय

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

व्हर्नने ब्रेकवरचा निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, अर्धा फेरा सैल केला. त्याला जोडलेल्या नळीतून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे आले. त्याने निपल आवळला. "सोड."

"सोडलं," मोटरसायकलच्या सीटवरून डोरिन म्हणाली.

मोंटानातल्या या गॅरेजमध्ये चाळीस वर्षं नवरा-बायको मागच्या ब्रेकमधली हवा अशीच काढत आले होते. तो जमिनीवर आडवा, ती वर पेडलवर पाय ठेवून. दहा-बारा खेपांत पेडल टणक व्हायचं. आज मात्र अर्धी बाटली ऑइल संपलं तरी ते मऊच. जोड कोरडे होते, ब्रेक ऑइलची वरची टाकी भरलेली होती. मग ही मेली हवा शिरत होती कुठून?

"हात चळले तुझे," डोरिन म्हणाली. "ग्लेंडा आली की सांगते, बाबाला मोडीत घालू."

तो कसनुसं हसला. ग्लेंडा, त्यांची लेक, जेवायला येणार होती. आईला बिलिंग्जच्या वृद्धाश्रमात ठेवायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. महिन्याभरात शेगडी दोनदा चालू राहिली होती. "विसरते जरा, त्यात काय," व्हर्न फोनवर म्हणाला होता. "गॅरेजमध्ये तिचं पाऊल चुकत नाही. येऊन बघ स्वतः."

"धर."

"धरलंय."

या खेपेला निपल उघडताच त्याने मान वर केली. डोरिनचा पाय पेडलवर नव्हताच. तो अधांतरी लोंबत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. नळीत उतरलेले बुडबुडे उलटे वर, परत ब्रेकमध्ये चढत होते.

घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झाला असता तरी व्हर्न इतका घाबरला नसता.

"डोरिन, पाय कुठंय?"

"धरलंय म्हटलं ना. कितीदा सांगू?"

बाहेर खडीवर गाडी थांबली. व्हर्नने घाईघाईने निपल आवळला, तिचा पाय उचलून पेडललगतच्या फूटरेस्टवर ठेवला. "इथंच राहू दे हं." मग डावा तळहात पेडलवर ठेवला आणि उजव्या हातात पाना घेतला.

ग्लेंडा दारात येऊन उभी राहिली. "जमतंय का आई?"

"मला जमतंय. बाबाला विचार."

"दाब," व्हर्न म्हणाला आणि त्यानेच पेडल दाबलं.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

सात-आठ खेपांनंतर नळीतून नितळ ऑइल आलं. एकही बुडबुडा नाही. पेडल हाताखाली टणक झालं. "बघितलंस?" त्याने विचारलं आणि वर पाहिलं. ग्लेंडा त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

त्याने निपल आवळला. आता फक्त "सोड" म्हणायचं राहिलं होतं. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. तळहात पेडलवर तसाच राहिला.

"धरलंय रे मी," डोरिन म्हणाली. "सांग ना आता."